परदेशात पर्यटक असे का वागतात? देशाचा स्वभाव की आणखी काही?

नकाशेवाला

बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, आज वेळ मिळालाय तर टाकूनच देतो.

कुठल्याही गर्दीच्या पर्यटनस्थळी पायरीवर टेकून तासभर नुसतं बघत बसा (रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सवर मात्र टेकू नका, २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, पोलीस शिट्टी मारून उठवतात आणि दंड ४०० युरोपर्यंत जाऊ शकतो). थोड्या वेळाने कुणी तोंड उघडायच्या आधीच कोण कुठून आलंय याचा अंदाज यायला लागतो. झेंड्यामागे गपचूप चालणारा जपानी ग्रुप. लिफ्टमध्ये चार मजले सोबत असलेल्या माणसाला नाव, गाव, गुडघ्याचं ऑपरेशन सगळं सांगून मोकळा होणारा अमेरिकन. म्युझियममध्ये प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं जर्मन जोडपं. रस्त्याच्या पूर्ण रुंदीभर पसरून सगळेजण एकाच वेळी बोलत चाललेलं इटालियन कुटुंब, आणि गंमत म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकूही येत असतं.

माझं म्हणणं, हे फरक खरे आहेत. हल्ली असं काही बोललं की लगेच 'माणसं इथून तिथून सारखीच' म्हणून गप्प करतात. अहो सारखी कशी असतील? लहानपणापासून ज्याला रांगेत थांबायला शिकवलंय आणि ज्याला संधी दिसली की पुढे सरकायला शिकवलंय, ते दोघं तिकीट खिडकीशी सारखे कसे वागतील?

तर प्रश्न एवढाच, परदेशात माणूस जसा वागतो ते त्याच्या देशावरून ठरतं का? अनुभव लिहा. नुसती टिंगल नको, कारणंपण द्या.

तिरपागडा

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कासवगती

'अंदाज यायला लागतो' म्हणजे काय? जे बरोबर आले ते लक्षात राहिले. जे चुकले ते तपासायला तुम्ही कुणाचा पासपोर्ट बघितलात का? तुमच्या समोरून कोरियन ग्रुप गेला असेल आणि तुम्ही जपानी म्हणून खूश झाला असाल. गप्प बसणारा अमेरिकन तुमच्या हिशेबात कॅनडाचा. असं केलं की ठोकताळा कधी चुकतच नाही.

नकाशेवाला

@कासवगती, मुद्दा बरोबर आहे पण मग जगातले सगळे हॉटेलवाले आणि गाईड एकाच भ्रमात आहेत का? एक्सपीडिया या प्रवासाचं बुकिंग करणाऱ्या कंपनीने २००९ साली हॉटेलवाल्यांनाच विचारलं होतं, सगळ्यात चांगले पर्यटक कोण. जपानी पहिले आले, फ्रेंच शेवटी.

छत्रीवाली

आता मला लिहावंच लागणार, कारण पर्यटकांना फिरवणं हाच माझा धंदा आहे. उंच धरलेली छत्री माझी.

आधी त्या हॉटेलवाल्यांच्या निकालाबद्दल. हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने चांगला पाहुणा म्हणजे आवाज नाही, खोली टापटीप, तक्रार शून्य. जपानी पाहुणे यात बसतात, पण तक्रार नसते असं अजिबात नाही, तोंडावर करत नाहीत एवढंच. गरम पाणी आलं नाही तरी सकाळी हसून वाकून जातात आणि घरी पोचल्यावर ट्रॅव्हल एजंटकडे पानभर पत्र येतं, त्यात पाणी किती वाजता गार झालं तेसुद्धा लिहिलेलं असतं. फ्रेंच माणूस रिसेप्शनवर उभा राहून तिथल्या तिथे वाद घालतो, नळ दुरुस्त करून घेतो आणि रात्री निवांत झोपतो. आता यातला वाईट पाहुणा कोण ते तुम्हीच ठरवा. मला स्वतःला फ्रेंच परवडतात.

दुसरं म्हणजे बस. 'नऊला बस सुटेल' हे एकच वाक्य मी सगळ्यांना सांगते. काही लोक पावणेनऊला आपापल्या सीटवर बसलेले असतात, पाण्याची बाटली जाळीत, टोपी मांडीवर. काहींच्या मते नऊला सुटेल म्हणजे नऊच्या सुमारास खोलीतून निघायचं. नऊ वाजून बारा मिनिटांनी शेवटचं कुटुंब हसत हसत वर चढतं, सगळ्यांना गुड मॉर्निंग करतं आणि बसमधून उत्तर येत नाही. त्यांना खरंच कळत नाही काय झालं ते! त्यांच्या दृष्टीने आपल्या माणसांसाठी थांबणं हा काही त्रासच नाही, तेही कुणासाठीही आनंदाने थांबले असते, आणि मी बघितलंय, दुसऱ्या कुणाची बॅग हरवली तेव्हा न कुरकुरता थांबलेही. पावणेनऊवाले मात्र तेव्हासुद्धा घड्याळ बघत होते.

म्हणजे नकाशेवाले, फरक आहेत. फक्त ते चांगल्या-वाईटाचे आहेत असं मला इतक्या वर्षांत वाटलेलं नाही.

उंटावरची_शहाणी

छत्रीवाली ताई, प्रतिसाद जबरी. ते टोपी मांडीवर ठेवलेले पावणेनऊवाले म्हणजे मीच.

चष्मेबहाद्दर

या प्रश्नावर रीतसर अभ्यास झालेला आहे. अब्राहम पिझाम आणि सिल्विया ससमन यांनी १९९५ साली लंडनमधल्या गाईडना जपानी, फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन पर्यटकांबद्दल विचारलं होतं. वागण्याच्या २० गोष्टी घेतल्या होत्या, खरेदी किती करतात, फोटो किती काढतात, घोळक्यात राहतात की एकटे फिरतात, लोकांमध्ये मिसळतात का, असं. त्यातल्या १८ गोष्टींत गाईडना चार देशांमध्ये फरक जाणवला. जपानी सगळ्यांत वेगळे, इटालियन सगळ्यांत जास्त इतरांसारखे.

नकाशेवाल्यांनी नाचायच्या आधी पुढचं वाचावं. त्यांनी पर्यटकांना मोजलं नव्हतं, गाईडना काय वाटतं ते मोजलं होतं. म्हणजे अभ्यासातून एवढंच नक्की होतं की गाईडच्या डोक्यात देशागणिक कप्पे आहेत. कप्पे कशामुळे झाले, खऱ्या वागण्यामुळे की ऐकीव गोष्टींमुळे, हा प्रश्न शिल्लकच.

छत्रीवाली

@चष्मेबहाद्दर, दोन्हींमुळे. नवीन गाईडला पहिल्याच दिवशी जुने गाईड सांगून ठेवतात अमके असे तमके तसे. मग ती तेच बघते.

कासवगती

घ्या! खुद्द गाईडच सांगतायत.

इतिहासाचा_मास्तर

जरा काळाच्या बाजूने बघू. परदेशी जाऊन भिंतींवर नावं कोरणं घ्या, कारण 'असंस्कृत पर्यटक' म्हटलं की हटकून तेच उदाहरण येतं. २०१३ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरच्या देवळात एका चिनी शाळकरी मुलाने कोरीव चित्रावर स्वतःचं नाव कोरलेलं सापडलं. चीनमध्येच एवढा गदारोळ झाला की आईबापांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी चीनच्या पर्यटन खात्याने परदेशी जाणाऱ्यांसाठी ६४ पानांची सचित्र पुस्तिका काढली, त्यात चारचौघांत नाकात बोट घालू नका, पोहण्याच्या तलावात लघवी करू नका इथपर्यंत सूचना होत्या. जगभरच्या पेपरांनी यावर भरपूर हसून घेतलं.

आता लक्सरवरून नाईल ओलांडून पलीकडे जा. तिथे मेम्नॉनचे दोन प्रचंड पुतळे आहेत. त्यातला एक पहाटे आवाज करतो अशी रोमन काळात ख्याती होती, तो ऐकायला लांबून लोक यायचे आणि ऐकला की पुतळ्याच्या पायावर तसं कोरून जायचे, ग्रीक आणि लॅटिनमध्ये असे शंभरावर लेख आहेत. इसवी सन १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियन आला होता, त्याच्या लवाजम्यातल्या जूलिया बाल्बिला नावाच्या बाईंनी तर चक्क कविता कोरून घेतल्या. ग्रीसमध्ये सूनियनला पोसायडन या समुद्रदेवाच्या देवळाच्या खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव आहे, ते त्यानेच कोरलं असं मानतात आणि आता लोक ते नाव बघायला जातात.

आणि २०२३ मध्ये रोमच्या कोलोसियममध्ये स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव किल्लीने कोरणारा माणूस इंग्लंडहून आलेला होता. नंतर पत्र लिहून म्हणाला की ही इमारत इतकी जुनी आहे ते ठाऊक नव्हतं. कोलोसियम!

मला दिसतं ते असं की ज्या देशाच्या हातात नवा पैसा येतो त्याचे पर्यटक त्या त्या काळात 'गावंढळ' ठरतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपभर इंग्रजांच्या नावाने बोटं मोडायचे. महायुद्धानंतर अमेरिकन. जपानने तर १ एप्रिल १९६४ पर्यंत सामान्य माणसाला हौसेखातर परदेशी जायची मोकळीकच दिली नव्हती, ती मिळाल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं कॅमेरे लटकवलेले जपानी घोळके हा युरोपात चेष्टेचा विषय होता. आज तेच जपानी आदर्श पर्यटक म्हणून मिरवतात. देश तोच, संस्कृती तीच. बदललं काय? फिरण्याची सवय झाली.

तिरपागडा

म्हणजे सम्राटासोबतच्या बाईंनी पुतळा कोरला तर ते साहित्य आणि शाळेतल्या पोराने कोरला तर राष्ट्रीय शरम.

इतिहासाचा_मास्तर

आणि जाणकार त्या साहित्याबद्दलही फारसं बरं बोलत नाहीत.

पावशेर_ज्ञान

मास्तर, _/\_. वाचनखूण साठवली.

उंटावरची_शहाणी

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. आपण 'नियम माहीत नसणं' याबद्दलच बोलतोय. पण नियम पूर्ण माहीत असून पाळवतच नाहीत असंही होतं.

आइसलँडमध्ये गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत आणि पाण्यात उतरायच्या आधी अंगावर एकही कपडा न ठेवता साबण लावून आंघोळ करणं सक्तीचं आहे. न्हाणीघरात भिंतीवर माणसाच्या आकृतीचं पोस्टर असतं, डोकं, काखा, जांघा आणि पाऊल हे भाग लाल रंगवलेले, की इथे इथे घासा. भाषा वाचायची गरजच नाही. त्यांचं कारण अगदी साधं, तलावात क्लोरीन कमी टाकतात. शॉवर उघड्यावर, शेजारी आजीबाई केस धुतायत, त्यांची नात बडबडतेय, बाजूला तिथली कर्मचारी बाई लक्ष ठेवून. आणि तिथे पर्यटक बायका. कुणी स्विमसूट घालूनच अंगावर दोन तांबे पाणी ओतल्यासारखं करतेय, कुणी टॉवेल गुंडाळून टॉवेलच्या आत साबण लावायची सर्कस करतेय, कुणी पोस्टरकडे पाठ करून वाचलंच नाही असं दाखवतेय. यात अमेरिकन होत्या, इंग्लिश होत्या, आशियातल्या होत्या. बाईने एकीला शांतपणे परत पाठवलं, ती रडकुंडीला आली.

आता या सगळ्याजणी तिथल्या लोकांच्या दृष्टीने घाणेरड्या. आणि त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने त्या सभ्यपणा सांभाळत होत्या. यात उद्धट कुणीच नाही.

गुळाचा_गणपती

बाप रे. आइसलँड यादीतून बाद.

तिरपागडा

यादीतून बाद कशाला, न्हाऊन जा.

पावशेर_ज्ञान

अवांतर: स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर जाणाऱ्या गाडीत संडासात सचित्र पाट्या लावल्या होत्या, कमोडवर बसायचं, वर चढून उकिडवं बसायचं नाही अशा. ज्यांच्या देशात उकिडवं बसायची पद्धत त्यांना परक्या सीटला कातडी टेकवणं किळसवाणं वाटतं. आणि उकिडव्या पद्धतीच्या संडासात गेलेले युरोपियन बघा, भिंत धरून कसे उभे असतात. त्यांच्यासाठी पाट्या लावत नाही कुणी.

नकाशेवाला

शहाणी, पावशेर, तुम्ही दोघं माझाच मुद्दा सिद्ध करताय. हे सगळं संस्कृतीतूनच आलेलं आहे ना? मी कुठे म्हटलं कोण चांगलं कोण वाईट?

आणि मास्तर, सवयीचा मुद्दा पटला, पण अर्धाच. ब्रिटिश तर पर्यटनात सगळ्यात मुरलेले. तरी २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅम शहराने 'येऊ नका' अशी जाहिरात मोहीम काढली ती खास १८ ते ३५ वयाच्या ब्रिटिश पुरुषांसाठी. गुगलवर स्वस्तात दारू पार्टी वगैरे शोधलं की बेड्या आणि इस्पितळ दाखवणारी जाहिरात समोर यायची. शहराचं प्रशासनच देश आणि वय धरून बोलतंय. दोन-तीनशे वर्षं फिरून सवय नाही झाली का?

कासवगती

त्यात देशाइतकीच वय आणि पुरुष ही दोन विशेषणं आहेत ती सोयीस्कर विसरू नका. ब्रिटनमधलं साठीचं जोडपं ॲम्स्टरडॅमला जाऊन व्हॅन गॉग बघून कॉफी पिऊन परत येतं, त्यांना कुणी जाहिरात दाखवत नाही. लग्नाआधी मित्रांची टोळी घेऊन स्वस्त विमानाने शनिवार-रविवार जायचं आणि सोमवारी कामावर, हा धंदा विमान कंपन्यांनी आणि त्या शहरांनीच उभा केला. दारू विकायची आणि मग दारुडे आले म्हणून ओरडायचं. स्वस्त तिकिटं आणि टोळी मिळाली की कुठल्याही देशातल्या पंचविशीतल्या पोरांचं हेच होणार.

छत्रीवाली

+१. मी कधीपासून हेच म्हणतेय, एकटा माणूस आणि ग्रुपमधला तोच माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत. एकटा आलेला यजमानांकडे बघून वागतो, कारण बघायला दुसरं कुणी नसतं. ग्रुपमध्ये आला की तो फक्त ग्रुपकडे बघतो. आवाजाचं तेच. चाळीस जण एका देशातले असले की कुजबुज कधी कल्ला होते त्यांना समजतही नाही, कारण कान तेवढ्या आवाजाला सरावलेले. त्यासाठी आता चर्चमध्ये आम्ही हेडसेट देतो, मी पुटपुटते आणि सगळ्यांच्या कानात ऐकू जातं. मात्र हेडसेट घातलेला माणूस शेजारच्याशी बोलतो ते ओरडूनच! शेवटी आवाज तेवढाच.

चष्मेबहाद्दर

आवाज आणि वेळेवरून आठवलं, एडवर्ड टी. हॉल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवून उभी राहतात यावर बरंच लिहिलं. ४५ सेंटीमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, तिथून साधारण १.२ मीटरपर्यंत ओळखीचे, त्यापुढे परके, हे आकडे सगळीकडे फिरत असतात. पण ते त्याने अमेरिकनांपुरतेच सांगितले होते, ते प्रत्येक संस्कृतीत बदलतात हाच तर त्याचा मुद्दा होता. त्यामुळे रांगेत मागचा माणूस पाठीला चिकटला की पुढचा चिडतो आणि पुढच्याने जागा सोडली की मागच्याला वाटतं हा रांगेतच नाहीये, म्हणून तो आत शिरतो. वेळेचंही त्याने असंच मांडलंय, एका वेळी एकच काम करणारे समाज आणि एका वेळी अनेक माणसं-कामं सांभाळणारे समाज. छत्रीवाली ताईंची बस म्हणजे याचं चालतंबोलतं उदाहरण.

गुळाचा_गणपती

एवढी चर्चा झाली आणि आपल्या लोकांबद्दल कुणीच काही बोललं नाही?

कासवगती

नको!! त्यावर ढीगभर धागे आहेत आणि सगळ्यांत तेच तेच. इथे जगाचं बोलू.

शांतारस

वाचत होते, आता राहवत नाही. वर सगळं कसं 'गैरसमज, सवयी, बिचारे' असं चाललंय. काही वागणं गैरसमज नसतं, माज असतो.

मे २०१५ मध्ये मलेशियातल्या किनाबालू पर्वताच्या माथ्यावर काही पाश्चात्त्य पर्यटकांनी कपडे काढून फोटो काढले. तो डोंगर तिथल्या कादाझान-दुसून लोकांसाठी पवित्र, मेलेल्यांचे आत्मे तिथे राहतात अशी श्रद्धा. गाईडने नको म्हटलं तर त्यालाच बोलले अशा बातम्या होत्या. सहा दिवसांनी भूकंप झाला, डोंगरावर १८ जण गेले, त्यात शाळेची मुलं होती. भूकंपाचा आणि नागड्या फोटोंचा संबंध नाही हे मलाही कळतं. पण ज्यांची माणसं गेली त्यांच्या मनात काय आलं असेल? चौघांवर खटला झाला, ब्रिटन, नेदरलँड्स आणि कॅनडाची दोन भावंडं, तीन दिवसांची कैद आणि ५,००० रिंगिट दंड. आणि त्यांच्या देशांमधल्या कित्येकांची प्रतिक्रिया काय, तर अंधश्रद्ध लोक आमच्या मुलांना त्रास देतायत.

हेच लोक स्वतःच्या चर्चमध्ये टोपी काढून जातात. परक्या देशात गेल्यावर पवित्र जागा म्हणजे त्यांना फोटोमागचा पडदा वाटतो. याला संस्कृतीतला फरक म्हणून सोडून द्यायचं का?

नकाशेवाला

शांतारस, तुमचा राग समजतो. पण तीन वेगवेगळ्या देशांचे लोक एकच गोष्ट करतात तेव्हा ती देशाची सवय कशी म्हणायची?

शांतारस

देशाची नाहीच. आम्ही पैसे मोजलेत, आता ही जागा आमची, ही सवय आहे ती. तिला पासपोर्ट नसतो. श्रीलंकेत २०१२ मध्ये बुद्धाच्या मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढले म्हणून फ्रेंच पर्यटकांना शिक्षा झाली होती, स्थगित का होईना. ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या संग्रहालयाला २०१९ मध्ये लोकांना सांगावं लागलं की ज्या रुळांवरून माणसं मरायला आणली त्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो काढू नका. तिथे कुठली परकी श्रद्धा समजून घ्यायची होती? ते ठाऊक नव्हतं असं म्हणणारा एकतरी सापडेल का?

तिरपागडा

कोलोसियमवाला सापडेल.

छत्रीवाली

शांतारस, पटलं. आणि फोटो हेच सगळ्याचं मूळ झालंय आता. क्योटोमध्ये गिऑनच्या गल्ल्यांत गेइको (म्हणजे तिथल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) कामावर जायला निघाल्या की लोक त्यांच्या मागे धावायचे, किमोनोची बाही ओढायचे. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्याच पर्यटकांना बंद केल्या, आत गेलात तर १०,००० येन दंड अशी पाटी. फुजी पर्वताजवळच्या फुजिकावागुचिको गावात तर एका दुकानाच्या मागे फुजी दिसतो म्हणून त्याच जागी एवढी गर्दी की लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. गावाने मे २०२४ मध्ये अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावून फुजीच झाकला. काय केलं असेल लोकांनी? जाळीला मोबाईलच्या कॅमेऱ्याएवढी भोकं पाडली.

त्या गर्दीत कोण नव्हतं? सगळे होते. सगळ्यांना तोच फोटो हवा होता, तोच कोन, तीच वेळ. मी ज्या काळात हे काम सुरू केलं तेव्हा प्रत्येक देशाचे लोक वेगवेगळ्या गोष्टींचे फोटो काढायचे, कुणी जेवणाचे, कुणी स्वतःच्या बायकोचे प्रत्येक दगडापाशी, कुणी नुसत्या इमारतींचे. आता सगळ्यांच्या मोबाईलवर एकच फोटो असतो आणि तो दाखवून विचारतात की हे कुठेय. फरक पुसले जातायत हो नकाशेवाले, पण शिस्तीच्या दिशेने नाही.

नकाशेवाला

हा प्रतिसाद सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा.

पावशेर_ज्ञान

मग उपाय काय? पलाऊ या चिमुकल्या बेटांच्या देशाने २०१७ पासून पासपोर्टवर शपथेचाच शिक्का मारायला सुरुवात केली. पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे, मी तुमचं बेट जपेन वगैरे, त्याखाली सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. मला आवडलं हे. न्यूझीलंड, आइसलँड यांच्यापण अशा शपथा आहेत पण त्या ऐच्छिक.

कासवगती

सही करून काय होतं? आपण ॲप टाकताना अटी मान्य आहेत म्हणतोच की.

इतिहासाचा_मास्तर

विनंती आणि बंदी यांतला फरक बघायचा तर ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक बघा. आमच्यासाठी ही पवित्र जागा आहे, कृपया चढू नका, अशी अनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांची पाटी पायथ्याशी वर्षानुवर्षं होती. लोक वाचायचे आणि चढायचे. चढणाऱ्यांत ऑस्ट्रेलियनही भरपूर असायचे, म्हणजे परदेशात गेल्यावरच डोकं फिरतं असंही नाही. पण हळूहळू चढणाऱ्यांचं प्रमाण कमी होत गेलं हेही खरं. मग २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंदी जाहीर झाली, आणि ती लागू व्हायच्या आधीचे शेवटचे काही महिने पायथ्याशी ही रांग! एरवी जे चढले नसते तेही आता नाही तर कधीच नाही म्हणून आले.

तिरपागडा

म्हणजे सेल संपत आलाय म्हटल्यावर.

शांतारस

म्हणून मी शपथेच्या नव्हे, दंडाच्या बाजूने. व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरो लावले.

छत्रीवाली

त्याने गर्दी काही हटली नाही, बाई. पाच युरोने कोण थांबतं? उलट पैसे भरले म्हटल्यावर तुम्ही वर म्हणालात तेच होतं, जागा आमची.

पण एक सांगते. माझ्या ग्रुपला मी आत जायच्या आधी पाच मिनिटं बाहेर उभं करून सांगते, इथे लोक काय करतात आणि *का* करतात. का सांगितलं की दहातले आठ जण ऐकतात, मग ते कुठलेही असोत. नुसतं 'नो फोटो' सांगितलं की चार. उरलेले दोन प्रत्येक देशात असतात आणि ते बसलाही उशिरा येतात.

नकाशेवाला

बरं, मूळ प्रश्नावर येतो. माझं मत अजूनही हेच की देशागणिक फरक असतात. घड्याळ, आवाज, अंतर, लाज, तक्रार करायची पद्धत, या गोष्टी माणूस घरून घेऊन येतो आणि कितीही फिरला तरी त्या पूर्ण सुटत नाहीत. मात्र ज्यावरून बातम्या होतात ते कोरणं, नागडे फोटो, जाळीला भोकं, ते देशाच्या खात्यावर टाकता येत नाही. कासवगती, एवढं तरी मान्य?

कासवगती

पहिलं अर्धं मान्य नाही, दुसरं मान्य. निम्म्यावर तडजोड.

चष्मेबहाद्दर

मला अजून कुणीतरी पर्यटकांना खरोखर मोजलेलं बघायला आवडेल. छत्रीवाली ताई, बसमध्ये कोण किती वाजता चढलं ते वर्षभर लिहून ठेवाल का?

छत्रीवाली

लिहीन की. पण नऊला मी माणसं मोजत असते, देश नाही.

गुळाचा_गणपती

@उंटावरची_शहाणी, बायको म्हणतेय आइसलँडला जाऊच. त्या शॉवरला पडदा असलेली एखादी खोली वगैरे असते का हो कुठे?

उंटावरची_शहाणी

बऱ्याच ठिकाणी एखाद-दुसरी असते, आत गेल्यावर विचारा, ते काही वाईट मानत नाहीत. मात्र सकाळी लवकर जा, दुपारनंतर तिच्यापुढे रांग लागते. आणि साबण तिथेच मिळतो, न्यायची गरज नाही. टॉवेल मात्र न्हाणीघराच्या जवळच्या रॅकवर ठेवा आणि अंग पूर्ण पुसूनच कपडे बदलायच्या खोलीत या, तिथली फरशी ओली केली तर त्या बाई पुन्हा ओरडतात.

गुळाचा_गणपती

अजून नियम आहेत??